दाखल्यावरचा एक शब्द

छत्रपती संभाजीनगरात माझ्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांना सरकारी नोकरी लागली की चारित्र्याच्या दाखल्यासाठी ती माझ्याकडे येतात. पडताळणीच्या अर्जावर तंबी असते : माहिती लपविल्यास अपात्र. ती वाचताना मला 1946 चे मुंबईचे नाविक आठवतात.

18 फेब्रुवारीला ‘तलवार’वरील नाविकांनी निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीला विटून काम बंद पाडले. 23 तारखेला सरदार पटेलांच्या शब्दावर त्यांनी शरणागती पत्करली. सूड घेतला जाणार नाही, असे आश्वासन होते. पुढे 476 जणांना नौदलातून काढले. स्वराज्य आले, तरी नौदलाने त्यांना परत घेतले नाही. भिंतींवर घोषणा लिहिणारे बलाईचंद दत्त वृत्तपत्रात गेले. तिथे दाखला कोण विचारतो!

सरकारी दप्तरात मात्र शब्दाशब्दांत अंतर असते. ‘सेवेतून काढले’ असा शेरा असेल तर पुन्हा सरकारी नोकरी मिळू शकते. ‘बडतर्फ’ असेल तर सामान्यतः नाही. मुलकी सेवेच्या नियमांत हा भेद आजही आहे.

आझाद हिंद सेनेचे शाहनवाज खान लाल किल्ल्यातील खटल्यानंतर बडतर्फच झाले होते. 1952 साली ते निवडून आले आणि रेल्वेचे उपमंत्री झाले. उपमंत्र्याला पडताळणीचा अर्ज भरावा लागत नाही, चपराश्याला लागतो.

पुढे स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतन योजनेत नाविकांचे बंडही धरले गेले. लढ्यापायी सरकारी नोकरी गेली असेल, तर तीही त्या योजनेत पात्रता ठरते. आणि तिचा पुरावा म्हणजे बडतर्फीचा तोच कागद.