रणजी करंडकाचे विभाग आणि पैनगंगेचे दोन तीर

हिंगोलीहून वाशीमकडे निघालें म्हणजे कनेरगांव नाका लागतो, आणि पैनगंगा ओलांडली कीं मराठवाडा संपून वऱ्हाड प्रांत सुरू होतो. भाषा तीच, कापसातुरीचीं शेतें तींच, सोयरिकीही दोन्ही तीरांवर सारख्याच चालू. परंतु क्रिकेटच्या नकाशावर ही नदी एके काळीं केवढी रुंद होती याची कल्पना वाटसरूस येत नाहीं. दक्षिण तीरावरील मुलगा महाराष्ट्र संघाचा, म्हणजे पश्चिम विभागाचा. उत्तर तीरावरील मुलगा विदर्भ संघाचा, म्हणजे मध्य विभागाचा. दोघेही एकाच राज्याचे रहिवासी, पण रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यास पोचण्याचा त्यांचा रस्ता अगदीं निराळा. या रेघांनीं कोणाच्या पदरांत काय टाकलें, हें पाहण्यासारखें आहे. खेळाच्या इतिहासांत केवळ विजेत्यांचीं नांवें पाठ करून कांहीं समजत नाहीं. त्यांना कोणत्या दारानें आंत सोडलें हेंही पाहावें लागतें.

ही स्पर्धा १९३४-३५ सालीं सुरू झाली. तिचा पहिला सामना मद्रास व म्हैसूर यांच्यामध्यें ४ नोव्हेंबर १९३४ रोजीं मद्रासेस झाला आणि एकाच दिवसांत आटोपला. देश विशाल, आगगाडीचा प्रवास लांबचा आणि क्रिकेट मंडळांच्या तिजोऱ्या बेताच्या. तेव्हां उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम असे विभाग पाडून प्रत्येक विभागांतून एकच विजयी संघ पुढें पाठवावा, ही योजना व्यवहारास धरूनच होती. त्या वेळीं मुंबईंत क्रिकेटचा मोठा उत्सव म्हणजे हिंदु, पारशी, मुसलमान व युरोपियन अशा जमातवार संघांचे सामने. त्यांच्या मानानें दिशांवरून केलेली ही वांटणी पुष्कळच निरुपद्रवी. निदान दिशेला जात नसते. परंतु दिशेला बळ असतें, आणि तें चारी बाजूंना सारखें नसतें.

पहिल्या दहा हंगामांचा हिशेब करून पाहावा. १९३४-३५ पासून १९४३-४४ पर्यंत करंडक आठ वेळां पश्चिम विभागांत आला. मुंबईनें तो तीनदां जिंकला, महाराष्ट्रानें दोनदां, आणि नवानगर, बडोदें व वेस्टर्न इंडिया यांनीं एकेकदां. एका विभागांत पांच निरनिराळे विजेते, आणि विभागाचें दार मात्र एकालाच पुढें सोडणारें! ज्यांच्या अंगीं करंडक जिंकण्याचें सामर्थ्य होतें असे संघ दरवर्षीं आपसांत झुंजत आणि एक सोडून बाकीचे घरीं बसत.

उरलेल्या दोन वर्षांपैकीं १९३८-३९ सालीं बंगाल जिंकला, आणि त्याच्या आधल्या वर्षीं हैदराबाद. हा हैदराबादचा विजय हिंगोलीकरांनीं आपला म्हणावा असा, कारण त्या वेळीं हिंगोली हा निजामाच्या राज्यांतील परभणी जिल्ह्याचा तालुका होता. नवानगरशीं झालेल्या अंतिम सामन्यांत हैदराबादनें अवघ्या एका गड्यानें बाजी मारली. एडलजी ऐबारा नाबाद १३७ धावा काढून उभे राहिले. ऐबारांच्या त्या खेळीची थोरवी कशानेंही कमी होत नाहीं. परंतु दक्षिण विभागांत हैदराबादपुढें मद्रास व म्हैसूर हेच काय ते मोठे प्रतिस्पर्धी होते. हाच संघ पश्चिमेस असता, तर अंतिम सामन्याचें तोंड पाहण्यापूर्वीं त्याला मुंबई, महाराष्ट्र आणि नवानगर यांच्या गराड्यांतून वाट काढावी लागली असती.

तो गराडा कसा होता हें १९४०-४१ सालीं पुण्यास दिसलें. महाराष्ट्राचे कर्णधार प्रोफेसर दिनकर बळवंत देवधर, सर परशुरामभाऊ कॉलेजांतील संस्कृतचे अध्यापक, वय ४८. ज्या वयांत आमच्यासारखे लोक जिना चढतांना कठडा धरूं लागतात, त्या वयांत या गृहस्थांनीं मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. महाराष्ट्राच्या पहिल्या डावांत ६७५ धावा झाल्या. मुंबईनें उत्तरादाखल ६५० केल्या. पुढें अंतिम सामन्यांत मद्रासला नमवून महाराष्ट्रानें करंडक लागोपाठ दुसऱ्या वर्षीं राखला. परंतु त्या वर्षींची खरी कसोटी पुण्यासच होऊन गेली होती असें आम्हांस वाटतें. त्या २५ धावांचें पारडें दुसऱ्या बाजूस झुकतें, तर विजेत्यांच्या यादींत तर राहोच, पण उपांत्य फेरीच्या यादींतही महाराष्ट्राचें नांव दिसलें नसतें.

आतां दुसरी बाजू पाहूं. इंदूरच्या होळकर संघाची कीर्ति जुन्या पिढीच्या कानांत अजून आहे. सी. के. नायडूंसारखा कर्णधार, मुश्ताक अली, चंदू सरवटे यांच्यासारखे गडी. हा संघ थोर होता यांत शंका नाहीं. १९४४-४५ पासून १९५४-५५ पर्यंतच्या अकरा हंगामांपैकीं दहांत तो अंतिम सामन्यास उतरला; चारदां जिंकला, सहादां हरला. हा संघ पश्चिम विभागाबाहेर होता. मुंबई-बडोद्याची आणि त्याची गांठ पडे ती विभागाबाहेर पडल्यावर. तोंवर त्यांतील एकानें दुसऱ्याला आधींच निकालांत काढलेलें असे. अकरापैकीं जो एक हंगाम होळकरांच्या हातून निसटला तो कोणता? १९४८-४९. आणि नेमका हाच तो हंगाम, कीं ज्या वर्षीं विभागांच्या भिंती बाजूस सारून स्पर्धा खेळविली गेली.

त्या वर्षीं काय झालें? उपांत्य फेरींत मुंबई आणि महाराष्ट्र पुण्यास समोरासमोर आले, आणि अंतिम सामन्यांत मुंबईपुढें बडोदें उभें राहिलें. अखेरच्या चारांत तीन संघ पश्चिमेचे! याच हंगामांत भाऊसाहेब निंबाळकरांनीं पुण्यास काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ धावांच्या विक्रमास अवघ्या ९ धावा उरल्या असतां प्रतिपक्षानें सामना सोडून दिला. (तो दुखवटा महाराष्ट्रांत अद्याप पाळला जातो.) उपांत्य सामना तर सात दिवस चालला. मुंबईच्या ६५१ आणि ८ बाद ७१४; महाराष्ट्राच्या ४०७ आणि ६०४; मिळून २३७६ धावा आणि नऊ शतकें. मुंबई ३५४ धावांनीं जिंकली. इतर वर्षीं हा सामना विभागाच्या चार भिंतींत झाला असता आणि हरलेला संघ ‘प्राथमिक फेऱ्यांत बाद’ या सदराखालीं जमा झाला असता. एका वर्षाच्या पुराव्यावर सिद्धांत उभारूं नये, असें आम्ही विद्यार्थ्यांस नेहमीं बजावतों, आणि तें येथेंही लागू आहे. तथापि त्या एका वर्षानें जी खिडकी उघडली तींतून दिसलेलें दृश्य विसरतां येत नाहीं.

खिडकी पुन्हां लागली. १९५७-५८ पासून विभागांत साखळी सामने सुरू झाले, पण पुढें जाणारा संघ एकच. मग १९५८-५९ ते १९७२-७३ अशीं पंधरा वर्षें मुंबईनें करंडक सलग जिंकला. या काळांत जो पश्चिम विभागांत सांपडला त्याचें नशीब सांगावयास ज्योतिषी नको होता. महाराष्ट्र संघ १९४१-४२ पासून १९६९-७० पर्यंत, म्हणजे २९ हंगाम, अंतिम सामन्यास एकदांही पोचला नाहीं. त्याच सुमारास मध्य विभागांतील राजस्थान संघ १९६०-६१ पासून १९७३-७४ पर्यंत आठ वेळां अंतिम सामन्यास पोचला आणि आठही वेळां हरला. त्यांपैकीं सात वेळां मुंबईकडूनच.

यावर कोणी म्हणेल, करंडक जिंकावयाचा तर मुंबईस हरविलेंच पाहिजे. तें विभागांत हरविलें काय आणि अंतिम सामन्यांत हरविलें काय, फरक कोणता? करंडकापुरता फरक नाहीं, हें मान्य. पण कीर्तीपुरता आहे. राजस्थान मुंबईकडून हरला तो अंतिम सामन्यांत, सगळ्या देशाच्या देखत. त्याचें नांव ‘उपविजेते’ म्हणून सोनेरी पाटीवर लागलें. महाराष्ट्र, बडोदें, गुजरात त्याच मुंबईकडून हरले ते घरच्या अंगणांत, आणि त्यांची नोंद कोणीं ठेवली नाहीं. पराभव एकाच जातीचा. एक मिरवला, दुसरा गाडला. शिवाय जो संघ पुढच्या फेऱ्या खेळतो त्याच्या खेळाडूंस चार सामने अधिक मिळतात, आणि निवड करणाऱ्यांच्या नजरेस पडण्याची संधिही. बापू नाडकर्णी महाराष्ट्राकडून खेळूं लागले आणि पुढें मुंबईचे झाले. विजय मांजरेकर व विनू मंकड हे मुंबईचे मोहरे पुढें राजस्थानकडून खेळले. त्या त्या वेळीं त्यांच्या मनांत काय होतें हें आम्ही कसें सांगावें? पण रस्ता कोणत्या गांवास जातो हें चालणाऱ्यास दिसतच असतें.

१९७०-७१ पासून प्रत्येक विभागांतील पहिल्या दोघांस पुढें सोडण्याचें ठरलें. दाराची एक फळी आणखी उघडली मात्र, त्याच वर्षीं अंतिम सामना झाला तो मुंबई आणि महाराष्ट्र यांचा! मुंबई ४८ धावांनीं जिंकली. तीस वर्षें ज्या संघाला अंतिम सामन्याच्या लायकीचा मानलें नव्हतें तो नियम बदलतांच तेथें जाऊन उभा राहिला, यापेक्षां बोलका पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं.

हा प्रश्न आपल्याच देशाचा आहे असें मात्र नव्हे. अमेरिकेंत कॉलेजांच्या फुटबॉलचें (तो खेळ बव्हंशीं हातानें खेळतात, पण तें असो) मोठें वेड आहे, आणि तेथील विद्यापीठांचे संघ निरनिराळ्या मंडळांत विभागलेले असतात. २०२३ सालीं फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ तेराच्या तेरा सामने जिंकून आपल्या मंडळाचा अजिंक्य ठरला, तरी अखेरच्या चारांत त्याची निवड झाली नाहीं. निवडलेल्या चारांत एकेक सामना हरलेले दोन संघ होते. समितीनें मुख्य खेळाडूच्या दुखापतीचें कारण दिलें, पण दुबळ्या मंडळांतील विजयाचें वजन कमी धरलें गेलें ही तक्रार राहिलीच. पुढच्याच वर्षीं चारांचे बारा संघ झाले, आणि त्याच वर्षीं पॅसिफिक किनाऱ्यावरील जुन्या मंडळांतील बारांपैकीं दहा विद्यापीठें मंडळ सोडून गेलीं. दूरचित्रवाणीच्या पैशाचा ओघ जिकडे, तिकडे संघांचा ओघ. पॅसिफिकच्या कांठचीं दोन विद्यापीठें आतां अटलांटिक किनाऱ्याच्या मंडळांत खेळतात! तेथें संघ आपली रेघ आपण निवडतो. आपल्याकडे तो रेघेच्या ज्या बाजूस जन्मला तेथेंच राहतो.

हिंगोलीची गोष्ट तर याहून विचित्र. येथील माणूस जागचा हालला नाहीं. रेघच त्याच्या अंगावरून गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि क्रिकेटपुरतें म्हणावयाचें तर हिंगोली दक्षिण विभागांतून पश्चिम विभागांत आली. मुंबईच्या त्या पंधरा वर्षांत दक्षिणेंतून म्हैसूर, हैदराबाद आणि मद्रास असे तीन निरनिराळे संघ अंतिम सामन्यास पोचले. पश्चिमेंतून १९७० पर्यंत मुंबईशिवाय कोणीही नाहीं. अर्थात् भाषिक राज्याचा लाभ अशा तागडींत तोलावयाचा नसतो, आणि हिंगोलीच्या कोणा मुलास हैदराबादनें तरी निवडलें असतें कीं नाहीं, हें देव जाणे.

२००२-०३ सालीं विभाग मोडले आणि दिशेऐवजीं गुणांवरून एलिट व प्लेट अशा दोन पायऱ्या आल्या. पुढें पायऱ्यांचे गट झाले, गटांचीं अक्षरें बदललीं. तो सगळा तपशील येथें देण्याचें कारण नाहीं. एवढें खरें कीं खालच्या पायरीवरून वर येण्यास वाट ठेवलेली होती. २०१०-११ सालीं प्लेटमधील राजस्थाननें पहिल्यांदांच करंडक जिंकला. पूर्वीं आठदां हुकलेला हाच तो संघ. त्याचे कर्णधार होते पुण्याचे हृषीकेश कानिटकर, ज्यांचे वडील हेमंत कानिटकर आणि जे स्वतःही महाराष्ट्राकडून वर्षानुवर्षें खेळले. त्याच हंगामांत हैदराबादचा डाव राजस्थाननें २१ धावांत गुंडाळला होता. आणि २०१३-१४ सालीं तिसऱ्या, म्हणजे क गटांतून वर आलेल्या महाराष्ट्रानें उपांत्यपूर्व फेरींत मुंबईस वानखेडेवर हरविलें, केदार जाधवांनीं हंगामांत बाराशेंवर धावा काढल्या, आणि संघ अंतिम सामन्यास गेला. कर्नाटकनें तो सामना सात गड्यांनीं जिंकला. सामन्याचें ठिकाण हैदराबाद.

विदर्भाचें उदाहरण आमच्या विवेचनास थोडें अडचणीचें आहे, आणि तें दडविणें बरें नव्हे. मध्य विभागांत मुंबई नव्हती. तरी १९५७-५८ पासून साठ हंगाम विदर्भास अंतिम सामना दिसला नाहीं. सोयीची रेघ मिळूनही संघ उभा राहावा लागतो. तो उभा राहिला २०१७-१८ सालीं, चंद्रकांत पंडितांच्या शिकवणीखालीं आणि फैज फजल यांच्या नेतृत्वाखालीं. इंदूरला दिल्लीस नऊ गड्यांनीं हरवून त्यानें पहिल्याच अंतिम सामन्यांत करंडक घेतला, पुढच्या वर्षीं तो राखला, २०२३-२४ च्या अंतिम सामन्यांत मुंबईकडून हरला, आणि २०२४-२५ सालीं तिसऱ्यांदा जिंकला. महाराष्ट्र संघाच्या खात्यांत मात्र त्या हंगामाअखेर देवधरांचेच दोन करंडक जमा होते.

हिंगोलीचा जो मुलगा आज चेंडू टाकतो आहे त्याला निवडीसाठीं पुण्याकडे पाहावें लागतें. वाशीमचा मुलगा नागपूरकडे पाहतो. या दोन गांवांमधील अंतर आगगाडीनें तासाभराचें आहे.