डॉसच्या तबकड्या आणि मराठी दप्तरें

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. त्यानंतर विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून, वाड्यांचे माळे धुंडाळून, असे एकंदर २२ खंड महाराष्ट्रापुढें ठेविले; आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. त्या पिढीचे कष्ट अपार होते, यांत शंका नाहीं. तरी एक सोय त्यांस होती. दप्तर सांपडलें आणि वाळवीनें तें सोडलेलें असलें, म्हणजे पुढें केवळ मोडी जाणणारा मनुष्य हवा असे. कागद आणि डोळा यांच्यामध्यें तिसरें कोणी नव्हतें.

१९८५ ते २००० या पंधरा वर्षांचा इतिहास जो कोणी लिहूं जाईल त्याला ही सोय उरलेली नाहीं. वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यांतील अल्लीपूर हें कापसाच्या मुलुखांतलें गांव. येथील एका जुन्या कचेरीच्या कपाटांत आम्हीं असें एक दप्तर पाहिलें. खतावण्यांच्या शेजारीं खोक्यांत काळ्या चौकोनी फ्लॉप्या उभ्या रचलेल्या. प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर वर्ष. खतावणीची शाई फिकी पडली आहे, पण ती आजही कोणासही वाचतां येते. फ्लॉपी मात्र उजेडाकडे धरून पाहा, कानाशीं हलवून पाहा, ती मुकी ती मुकीच. तिला बोलतें करावयाचें तर आधीं ज्या यंत्रणेनें ती लिहिली ती यंत्रणा पुन्हां जागी करावी लागते. हें जागें करणें कसें होतें, आणि आज तें अवघड कां होऊन बसलें, तें येथें सांगण्याचा विचार आहे.

संगणक चालू केला म्हणजे आरंभीं त्याला जवळजवळ कांहींच ठाऊक नसतें. १९८१ च्या ऑगस्टांत आयबीएमनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणिला. त्याच्या अंगीं जन्मतः येई ती विद्या एवढीच, कीं तबकडी फिरवावी, तिचा अगदीं पहिला ५१२ बाइटांचा खंड स्मृतींत उचलून ठेवावा, आणि तो जें सांगेल तें करावें. हा खंड स्मृतीच्या ३१,७४४ व्या स्थानीं ठेवण्याचा प्रघात तेव्हांपासून पडला. ३२ किलोबाइट स्मृति असेल असें धरून तिचा शेवटचा एक किलोबाइट राखिला, म्हणजे हा आंकडा येतो. स्मृति हजारों पटींनीं वाढली, आंकडा तोच राहिला. आमच्याकडे इनामें गेलीं तरी जमिनींचीं जुनीं नांवें राहिलीं, त्यांतलाच हा प्रकार. त्या खंडाच्या आरंभीं उडी मारण्याची आज्ञा, मग तबकडीचें मोजमाप, मग इवलीशी आज्ञावली, आणि शेवटच्या दोन बाइटांत एक ठराविक खूण. ही आज्ञावली आयओ.सिस आणि एमएसडॉस.सिस या फायलींना हांक मारी, त्या कमांड.कॉमला उठवीत, आणि काळ्या पडद्यावर 'ए' अक्षर व त्यापुढें बाणासारखी खूण उमटे. त्या काळीं संगणकाच्या वर्गास गेलेल्या प्रत्येकाला ती खूण आठवत असेल.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. तिन्ही फायलींची नक्कल नव्या फ्लॉपीवर केली म्हणून ती यंत्र जागें करीलच असें नाहीं. पहिला खंड हा कोणत्याही फायलीचा भाग नव्हे. तो नकलेच्या आज्ञेला दिसतच नाहीं. म्हणून फॉरमॅटच्या आज्ञेपुढें 'एस' अक्षर जोडावें लागे, किंवा सिस ही निराळी आज्ञा वापरावी लागे. पुष्कळ नवशिक्यांचे दिवस हें न कळल्यामुळें वायां गेले आहेत.

जो खंड डोळ्यांस दिसत नाहीं आणि ज्याची आज्ञा यंत्र निमूटपणें पाळतें, तेथें चोर न शिरता तरच नवल. लाहोरच्या दोघां बंधूंचा 'ब्रेन' हा विषाणु १९८६ सालीं निघाला तो याच वाटेनें. १९९० च्या जूनमध्यें हिंदुस्थानांत जो सांपडला त्याचें नांव तर 'जोशी'! हा पहिल्या खंडांत ठाण मांडी, आणि आपलें उरलेलें बिऱ्हाड फ्लॉपीवर एक जादा वर्तुळ आंखून त्यांत थाटी. कोणी पहिला खंड तपासूं लागलें तर हा मूळचा निर्दोष खंड पुढें करी. पांच जानेवारीस मात्र तो यंत्र अडवून धरी, आणि जोशाला वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकित करा असें फर्मावी. तेवढ्या दिल्या कीं काम पुन्हां सुरू. विनोद बरा होता, पण ज्याच्या कचेरींत ऐन हिशेबाच्या वेळीं तो झाला त्याला हंसूं आलें नसावें. तीन कळा एकदम दाबून यंत्र पुन्हां सुरू केलें तरी जोशी स्मृतींतून हालत नसे. उपाय एकच: वीज पुरती बंद करावी, आणि लिहिण्याचा मार्ग बंद केलेल्या निर्मळ फ्लॉपीवरून यंत्र उठवावें. पुण्यांत काटकर बंधूंनीं १९९५ सालीं डॉससाठीं आपलें क्विक हील बाजारांत आणिलें तें अशाच उपद्रवांच्या दिवसांत.

फ्लॉपीची जागा सीडीनें घेतली तेव्हां एक चमत्कारिक तोड निघाली. सीडीचा खंड २,०४८ बाइटांचा. जुन्या यंत्रणेला तो समजेना. तेव्हां फीनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांच्या दोघां अभियंत्यांनीं १९९५ च्या सुमारास असें ठरविलें, कीं सीडीच्या पोटांत एका संपूर्ण फ्लॉपीची प्रतिमा ठेवावी आणि यंत्राला ती फ्लॉपीच आहे असें भासवावें. ज्या उपाहारगृहाच्या नांवावरून या योजनेला 'एल तोरितो' म्हणतात तें कॅलिफोर्नियांत आहे. सुमारें ६५० मेगाबाइटांच्या तबकडींत १.४४ मेगाबाइटांची फ्लॉपी! आणि मौज अशी, कीं या युक्तीनें उठलेल्या डॉसला त्याच सीडीचा बाकीचा भाग दिसत नसे. त्यासाठीं सीडीचा चालक आणि एमएससीडेक्स हे दोघे त्या इवल्या प्रतिमेंत आधींच बसवावे लागत. आजही जो कोणी जुन्या प्रणालीची सीडी करावयास बसतो त्याची गाडी बहुधा येथेंच अडते.

मायक्रोसॉफ्ट डॉस आटोपतें घेणार असें दिसतांच जिम हॉल या अमेरिकन विद्यार्थ्यानें २९ जून १९९४ रोजीं मुक्त डॉस रचण्याचा मनोदय जाहीर केला. त्या फ्रीडॉसची पहिली पूर्ण आवृत्ति २००६ सालीं निघाली, आणि तें अद्याप वाढत आहे. पुढें मायक्रोसॉफ्टनेंही जुन्या डॉसची मूळ आज्ञावली खुली केली. चौथ्या आवृत्तीची २०२४ सालीं. म्हणजे प्रणाली मिळविण्याची अडचण आतां उरली नाहीं. अडचण यंत्राची आहे. पहिल्या खंडाला मान देणारी जुनी बायोस नव्या संगणकांतून जात चालली. २०२० पर्यंत तिची सोय काढून टाकूं असें इंटेलनें २०१७ सालींच जाहीर केलें होतें. सोनीनें साडेतीन इंची फ्लॉपीची विक्री २०११ च्या मार्चमध्यें थांबविली. आज बाजारांत मिळणारा यूएसबीचा फ्लॉपीवाचक साडेतीन इंचीच वाचतो. सव्वापांच इंची फ्लॉपीसाठीं जुनें यंत्रच शोधावें लागतें.

अल्लीपूरच्या खोक्यांत दोन्ही मापांच्या फ्लॉप्या आहेत. त्यांस हात लावण्यापूर्वीं पहिलें काम लिहिण्याची वाट बंद करण्याचें: सव्वापांच इंचीच्या कडेची खांच चिकटपट्टीनें झांकावी, साडेतीन इंचीची खिडकी उघडी करावी. एकींत खांच झांकून रक्षण, दुसरींत उघडून रक्षण. हा घोळ कोणी केला असेल तो असो. दुसरें काम संपूर्ण फ्लॉपीची खंडशः प्रतिमा घेण्याचें, आणि ती एकदांच. कारण लोहचुंबकी लेप जुना झाला कीं वाचणाऱ्या डोक्याच्या घासण्यानेंही खरवडून निघतो. पुढचें सारें त्या प्रतिमेवर, अनुकारक आज्ञावलीच्या आंत उठविलेल्या डॉसमध्यें करावें. मूळ फ्लॉपी पुन्हां खोक्यांत.

एवढें झालें म्हणजे इंग्रजी आंकडे वाचतां येतात. मराठीची कथा निराळी आहे. डॉसला देवनागरी येत नव्हती. कानपूरच्या आयआयटींत मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी यांनीं जिस्ट ही यंत्रणा सिद्ध केली. १९८८ सालीं पुण्यास सीडॅक निघाल्यावर तें काम तेथें आलें, आणि जिस्टचें कार्ड संगणकांत बसविलें कीं डीबेस, वर्डस्टार यांसारख्या इंग्रजी आज्ञावल्यांत मराठी उमटूं लागली. अक्षरांचे आंकडे इस्की या संकेतानें ठरत. १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें तो मान्य केला. परम महासंगणकाचा गौरव सर्वांनीं गायिला, पण सरकारी कचेऱ्यांतील मराठीवर अधिक उपकार कोणाचे असें आम्हांस विचाराल तर आम्ही या कार्डाकडे बोट दाखवूं.

अनुकारकाच्या आंत हें कार्ड नसतें. म्हणून डॉस उठला, फाइल उघडली, तरी पडद्यावर मराठीच्या जागीं रेघा आणि चौकटींचे तुकडे दिसतात. घाबरण्याचें कारण नाहीं. मजकूर शाबूत आहे. इस्कींत 'क' १७९ व्या स्थानीं आहे, आणि युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली असल्यामुळें अक्षरास अक्षर लावून उतारा करतां येतो. 'तऱ्हा', 'दऱ्या' यांतील आपला खास मराठी रफारही दोहोंकडे एकाच युक्तीनें, म्हणजे 'ऱ' आणि हलन्त मिळून होतो. ज्यांनीं हा संकेत बांधिला त्यांस मराठीची खोड चांगली ठाऊक होती.

ही सोय इस्कींतील फायलींपुरती. पुढें विंडोज आल्यावर ज्या त्या विक्रेत्यानें आपापल्या फाँटाचा खासगी संकेत चालविला. त्यांत अक्षरांस नव्हे तर अक्षरांच्या तुकड्यांस आंकडे दिलेले, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधीं, आणि एका फाँटाचा दुसऱ्याशीं मेळ नाहीं. खोक्यांतील अखेरच्या वर्षांच्या फ्लॉप्या या जातीच्या आहेत. त्यांच्यासाठीं सध्यां त्याच वर्षांचे छापील कागद शेजारीं ठेवून एकेका तुकड्याचें कोष्टक हातानें मांडणें चाललें आहे. वेलांट्या झाल्या, जोडाक्षरें व्हावयाचीं आहेत.