चलनावरचा पत्ता

लहानपणी घरात एखादी नवी वस्तू दोन दिवसांत मोडली की बाबा ती हातात फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "यूएसएची दिसतेय." यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! कल्याणच्या पुढे राहणाऱ्या कुणालाही हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. आम्ही बदलापूरचे. बाबा अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत फिटर होते. त्यामुळे अंबरनाथ म्हणजे अचूक आणि उल्हासनगर म्हणजे नक्कल, अशी आमच्या घरात सरळ वाटणी होती. लोकलने ही दोन स्टेशनं एकमेकांना लागून आहेत, पण आमच्या मनात त्यांच्यामध्ये समुद्र होता.

ही वाटणी माझ्या डोक्यात किती खोल रुजली आहे, ते मला गेल्या वर्षी कळलं. ते सांगतेच, पण आधी थोडा इतिहास.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख माणसांना तिथल्या बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. आजही तिथे पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन' असंच म्हणतात. घरदार, जमीन, ओळखीपाळखी सगळं मागे टाकून आलेली ही माणसं. त्यांनी पापड लाटले, कपडे शिवले, मग छोटी यंत्रं आणून मिळेल ते बनवायला घेतलं. तेव्हा आपल्याकडे परदेशी मालाचं कोण अप्रूप! आयातीवर बंधनं होती आणि दुकानात गिऱ्हाईक वस्तू बघायच्या आधी शिक्का बघायचं. मग शिक्काही बनला. आपण बनवणाऱ्यांना हसलो. शिक्का बघून पैसे मोजणारे आपणच होतो, ते मात्र सोयीस्करपणे विसरलो.

पलीकडे अंबरनाथला पन्नासच्या दशकात प्रोटोटाइप फॅक्टरी उभी राहिली. यंत्रं बनवणाऱ्या यंत्रांचे पहिले नमुने तयार करायचे, हे तिचं मूळ काम. (२०२१ च्या ऑक्टोबरात देशातले आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. त्यात ही फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेली. बाबा अजूनही तिला 'आमची फॅक्टरी'च म्हणतात.) तिथली शिस्त गेजची. भोकात गेजचं 'गो' टोक गेलं पाहिजे आणि 'नो-गो' टोक जाता कामा नये. दोन्ही गेली तर भोक मोठं, दोन्ही अडली तर लहान. मत नाही, वाद नाही.

ही शिस्त जगभर शस्त्रांच्या कारखान्यांतूनच आली, आणि तिची सुरुवात मोठी गमतीची आहे. अमेरिकेत एली व्हिटनीने १७९८ मध्ये सरकारकडून दहा हजार बंदुकांचं कंत्राट घेतलं. मुदत टळत चालली, तेव्हा १८०१ मध्ये त्याने वॉशिंग्टनला जाऊन बड्या मंडळींसमोर प्रयोग करून दाखवला. ढिगातून कुठलेही भाग उचला, बंदुकीचा चाप जुळतो! सगळे खूश झाले. पुढे विसाव्या शतकात अभ्यासकांनी व्हिटनीच्या शिल्लक बंदुका तपासल्या, तर भाग एकमेकांत बसेनात. म्हणजे दाखवायचा नमुना वेगळा आणि माल वेगळा. खरोखर अदलाबदल करता येतील असे भाग जॉन हॉलने हार्पर्स फेरीच्या कारखान्यात १८२० च्या दशकात बनवले, तेही ढीगभर गेज वापरून.

थोडक्यात, 'यूएसए'चा माल मूळच्या यूएसएतही बनत होता!

नमुना तपासून मालाचा भरवसा धरता येत नाही, हे कळल्यावर पुढचा प्रश्न आला की प्रत्येक नग तपासायचा का? त्यावर १९२४ मध्ये बेल कंपनीतल्या वॉल्टर शूहार्टने उत्तर दिलं. नग तपासण्यापेक्षा काम कसं चाललंय ते तपासा. मापं आलेखावर मांडत जा, म्हणजे बिघाड माल खराब होण्याआधी दिसेल. प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या बोलावण्यावरून हे शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतातही येऊन गेले. म्हणजे सिंधमधून माणसं इकडे येत होती, त्याच सुमारास हे ज्ञानही आलं होतं. फक्त ते कॅम्पातल्या बराकींपर्यंत कुणी नेलं नाही.

आता माझी गोष्ट. मी रोबोचे हात बनवणाऱ्या एका कंपनीत पुरवठादारांच्या मालाची गुणवत्ता बघते. १९६१ मध्ये युनिमेट हा पहिला रोबो जनरल मोटर्समध्ये कामाला लागला, त्या खानदानातले हे हात. हातात सहा सांधे. एका सांध्यात एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा प्ले असला तर एक मीटर लांबच्या टोकाला साधारण ०.२९ मिलिमीटरचा फरक पडतो. सहा सांध्यांचे फरक एकात एक मिसळतात. तिथे 'चालवून घ्या' चालत नाही.

गेल्या वर्षी आमचा एक हात चाचणीत दर वेळी थोडा वेगळ्या जागी थांबायला लागला. संशय तिसऱ्या सांध्यावर. त्याचं हाऊसिंग उल्हासनगरच्या एका छोट्या वर्कशॉपमधून आलेलं आणि आतला गिअरबॉक्स परदेशातून, चकचकीत प्रमाणपत्रासकट. मी काय केलं असेल? चाळीस हाऊसिंग परत पाठवली. चलनावर 'बोअर सदोष' असा शेरा मारला. बोअर मोजलं का? दोन नगांचं, घाईत, साध्या डायल गेजने. गिअरबॉक्स मोजला का? नाही. त्याला प्रमाणपत्र होतं ना!

रात्री बाबांना सांगितलं. मला वाटलं, हसतील आणि यूएसए म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं, "गेज शून्यावर लावलं होतंस का?"

मी गप्प.

परत आलेले नग मागवून घेतले आणि मोजमाप यंत्रावर एकेक करून लावले. चाळीसच्या चाळीस हद्दीत. मग गिअरबॉक्स तपासला. कागदावर लिहिला होता त्याच्या तिपटीहून जास्त प्ले निघाला.

मी स्वतः उल्हासनगरला गेले. गल्लीत दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी हाताने काढलेला आलेख. दर दहाव्या नगाचं माप, तारखेसकट. शूहार्टचं नाव त्या काकांनी ऐकलेलं नव्हतं. एका जुन्या गिऱ्हाइकाने शिकवलं म्हणाले. मी माफी मागितली. ते म्हणाले, "बेटा, माफी ठीक आहे. वो चलन पे जो लिखा है, वो काट के दे दो. दुसरा गिऱ्हाईक बघतो ना."

मी तिथेच शेरा खोडला, खाली सही केली, तारीख घातली.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. आलेखाचं ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकदा घेऊन चल मला तिकडे. बघायचंय."

पुढच्या रविवारी जाणार आहोत. लोकलने अंबरनाथनंतरचंच स्टेशन.