बुद्धिबळाचा पट आणि सहचरीचा जय

मराठी वाङ्मयात पती-पत्नींच्या मध्ये खेळाचा पट मांडला जातो, तेव्हा तो बहुधा सारीपाट असतो. बुद्धिबळाचा पट सहसा नसतो. ही केवळ आवडीनिवडीची बाब नव्हे. सारीपाटात फासे दान देतात आणि दैवापुढे दोघेही सारखेच असहाय असतात. बुद्धिबळात दैवाला जागा नाही. ज्याला खेळ अधिक कळतो, तो जिंकतो. म्हणूनच दोघांपैकी एकालाच खेळ येत असेल, तर त्याने दुसऱ्याला तो शिकवावा लागतो आणि प्रेमसंबंधात गुरु-शिष्याचा विषम संबंध शिरतो. बुद्धिबळाच्या इतिहासाकडे या अंगाने पाहिल्यास सहजीवनाच्या मराठी कल्पनेची एक मर्यादा स्पष्ट होते.

या इतिहासाचा एक महत्त्वाचा टप्पा लातूर-नांदेडच्या सीमेलगतच आढळतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११२९च्या सुमाराचा मानला जातो. लातूर आणि नांदेड हे आजचे जिल्हे तेव्हा याच राजवटीच्या प्रभावक्षेत्रात होते. देगलूर तालुक्यातील होट्टलची मंदिरे त्याची साक्ष देतात. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातील प्राचीन मराठी गीतपंक्तींमुळे परिचित आहे. त्यातील क्रीडाविंशतीकडे मात्र वाङ्मयीन दृष्टीने फारसे पाहिले जात नाही. वीस क्रीडांच्या या मालिकेत वनक्रीडा, जलक्रीडा, ज्योत्स्नाक्रीडा यांच्याबरोबर चतुरंग आहे, पाशक्रीडा आहे आणि शेवटी प्रेमक्रीडा व रतिक्रीडाही आहेत. चतुरंग आणि प्रेम हे एकाच विंशतीचे घटक असावेत, ही मांडणी अर्थपूर्ण आहे. बाराव्या शतकातील या राजाच्या दृष्टीने बुद्धिबळ हा राजाच्या सुखोपभोगाचा भाग होता. रणनीतीचा धडा म्हणून त्याची वेगळी प्रतवारी केलेली नाही.

याच प्रदेशाच्या शिल्पपरंपरेत मात्र दांपत्याचा खेळ म्हणून स्थिरावला तो अक्षक्रीडेचा. वेरूळच्या क्रमांक १४, २१ व २९ या लेण्यांत शिव-पार्वती द्यूत खेळताना कोरलेले आहेत. पुराणकथेत या खेळात पार्वती जिंकते. सर्वस्व हरलेला शिव रुसून वनात जातो आणि शबरीच्या वेषातील पार्वती त्याला परत आणते. स्त्रीचा जय येथे मान्य आहे, पण त्या जयाचे श्रेय फाशांकडेही जाऊ शकते. पराभूत पुरुषाच्या बुद्धीला त्याने बाध येत नाही. शिवाय हा खेळ कोणी कोणास शिकवलेला नाही. ‘संसाराचा सारीपाट’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला, त्यामागे ही समानता असावी. संसार दोघांचा आणि दान दैवाचे, असा हा करार आहे.

बुद्धिबळाची वाट निराळी झाली. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टाने या खेळाचे विवेचन केले ते ‘भगवंतभास्करा’च्या नीतिमयूखात. भट्टांचे हे घराणे मूळचे पैठणचे, पुढे काशीस स्थायिक झालेले. मानसोल्लासात क्रीडेच्या सदरात असलेला खेळ येथे राजनीतीच्या ग्रंथात येतो. भाषेनेही हेच स्थलांतर नोंदवले आहे. शह, मात, वजीर, प्यादे हे फारसी परंपरेतून आलेले शब्द मराठीत सहज मिसळले. परंतु शह-काटशह, प्यादेमात, प्याद्याचा फर्जी होणे हे वाक्प्रचार दरबाराच्या आणि लढाईच्या वर्णनात रुजले. १७६०च्या उदगीरच्या लढाईसारख्या प्रसंगांचा इतिहास मराठीत लिहिताना ही परिभाषा आपोआप हाताशी येते. घराच्या वर्णनात सोंगट्या आणि राज्याच्या वर्णनात मोहरे, अशी ही वाटणी आहे.

पटावरील सोंगट्यांची नावेही या वाटणीस पूरक ठरली. युरोपात राजाशेजारच्या मोहऱ्याला राणीचे नाव मिळाले आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो पटावरील सर्वांत बलवान मोहरा झाला. नव्या नियमांचा आरंभीचा दाखला म्हणून ओळखली जाणारी सुमारे १४७५ची व्हॅलेन्सियातील कविता मंगळ आणि शुक्रदेवता यांच्या प्रणयाचेच रूपक आहे. मराठीत राणीची चाल आली, नाव मात्र वजीरच राहिले. मराठी पटावर स्त्री नाही. तिला तेथे स्वतःची प्रतिमा शोधावी लागत नाही, तशी ती सापडतही नाही.

स्त्रीच्या या अनुपस्थितीचे सर्वांत बोलके चित्र मराठीबाहेर, प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाड़ी’ (१९२४) या कथेत आहे. डोके दुखत असल्याचा निरोप बेगम आतून पाठवते, नवरा डावावरून उठत नाही आणि अखेर ती सोंगट्या भिरकावून देते. कथेचा रोख सरंजामी अधःपाताकडे आहे, हे खरेच. तथापि, तिला हा खेळ शिकवावा, हा विचार कथेतील एकाही पुरुषाच्या मनात डोकावत नाही, ही बाबही तितकीच लक्षणीय आहे. पट हा तिचा प्रतिस्पर्धी आहे; ती पटावरची प्रतिस्पर्धी होऊ शकत नाही.

पत्नीला शिकवणारा पती मराठी समाजाला अपरिचित नव्हता. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७३मध्ये विवाहानंतर रमाबाईंच्या शिक्षणास आरंभ केला. त्याची हकीकत ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) या पुस्तकात आहे. गोपाळराव जोशी यांनी आनंदीबाईंच्या शिक्षणाचा धरलेला आग्रह, आणि त्यातील जाचही, सर्वश्रुत आहे. एकाच्या अध्यापनात संयम आहे, दुसऱ्याच्या अध्यापनात हट्ट. रचना मात्र दोन्हीकडे सारखीच आहे. पत्नीची प्रगती ही पतीच्या कर्तृत्वाची खूण ठरते. ती कितीही पुढे गेली, तरी त्याचे गुरुपद अबाधित राहते, किंबहुना उजळते.

बुद्धिबळाची शिकवणी नेमकी या ठिकाणी वेगळी पडते. अक्षरे शिकणारी पत्नी पतीला हरवत नाही; बुद्धिबळ शिकणारी पत्नी एक दिवस हरवू शकते. शिकवणी सफल झाल्याचा पुरावा तोच. फासे नसल्यामुळे हरणाऱ्याला दैवाची ढाल उरत नाही. जाणूनबुजून हरावे, तर शिकणारीचा अपमान होतो. सतत जिंकत राहावे, तर शिकवणे खोटे ठरते. सर्वत्र जय इच्छावा, पण पुत्र आणि शिष्य यांच्याकडून पराजय इच्छावा, अशा आशयाचे सुभाषित सुप्रसिद्ध आहे. त्या यादीत पत्नी नाही. परंपरेने ज्यांच्याकडून हरणे गौरवाचे मानले, त्यांत सहचरीचा समावेश केलाच नाही; बुद्धिबळाचा पट तो समावेश मागतो.

महाराष्ट्रातील स्त्रियांच्या बुद्धिबळाचा इतिहास या यादीशी विलक्षण जुळतो. राष्ट्रीय महिला अजिंक्यपद १९७४मध्ये सुरू झाले आणि १९८३पर्यंतची दहाही विजेतेपदे वासंती, जयश्री व रोहिणी या खाडिलकर भगिनींकडे गेली. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे नातू, ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर हे त्यांचे वडील. १९७६मध्ये रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा वाद उद्भवला. पित्याच्या पाठबळाने मुलगी पुढे जाते, हे समाजाला समजू शकत होते. पुरुषाने तिच्यासमोर बसून हरावे, हे मात्र सहज पचणारे नव्हते. पुढे भाग्यश्री साठे यांनी पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्यांचे पती प्रवीण ठिपसे १९९७मध्ये ग्रँडमास्टर झाले. या दांपत्यात दोघांचाही खेळ स्वतंत्रपणे सिद्ध झालेला आहे. असे दांपत्य अपवादात्मक असले, तरी वजिरासमोर वजीर मांडून बसणारे पती-पत्नी ही कल्पना त्यामुळे प्रत्यक्षात आली.

सामान्य घरातील प्रश्न यापेक्षा अवघड आहे, कारण तेथे आरंभ विषमतेतूनच होतो. लातूर-नांदेड परिसरात ‘शिकवणी’ या शब्दाला परीक्षा आणि गुणवत्ता यादी यांचा दाट संदर्भ आहे. ‘लातूर पॅटर्न’ने शिकवण्याचे यश निकालात मोजण्याची सवय लावली. त्या मापाने पाहिल्यास सहचरीला खेळ शिकवणाऱ्याचा निकाल त्याच्या पराभवातच लागतो. सारीपाटाने सहजीवनाला समान दैव दिले होते. बुद्धिबळ त्याऐवजी समान बुद्धीची मागणी करते, आणि ती मान्य करण्याची कसोटी शिकणाऱ्यापेक्षा शिकवणाऱ्याचीच अधिक आहे. पार्वती जिंकली तेव्हा शिव वनात गेला होता. या पटावर हरलेल्याला तेथेच बसून पुन्हा सोंगट्या मांडाव्या लागतात.