गव्हर्नरची कॉन्झर्व्हेटरी आणि आपला मे महिना

पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आपण सगळ्यांनीच पाहिलेली असते. ती मूळची मुंबईच्या गव्हर्नरचा गणेशखिंडीतला बंगला. बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत १८६४ साली काम सुरू झालं, १८७१ मध्ये पुरं झालं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तेव्हा मुंबईत कापसाचा पैसा खुळखुळत होता, त्यामुळे खर्चाला धरबंध राहिला नाही आणि त्यावरून टीकाही भरपूर झाली. मरेच्या जुन्या प्रवासी मार्गदर्शकात या बंगल्यातली एक गोष्ट आवर्जून नोंदवली आहे. ९० फूट लांबीची कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे फुलझाडांची गॅलरी!

आता कॉन्झर्व्हेटरी ही पक्की थंड देशातली कल्पना. काच ऊन आत सोडते, पण आत तापलेल्या वस्तूंची उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. लंडनच्या हिवाळ्यात हे वरदानच. पण पुण्यात?

उत्तर साहेबांच्या कॅलेंडरमध्ये सापडतं. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे. चापेकरांनी रँडवर गोळी झाडली ती याच बंगल्यातल्या समारंभाहून तो परतत असताना, २२ जून १८९७ च्या रात्री. तारीख बघा, जून! ऐन मे महिन्यात साहेब इथे नसायचेच.

आपण मात्र मे महिन्यातही इथेच असतो. बाणेर-बावधनला शेवटच्या मजल्यावर फ्लॅट घेतलेल्या माझ्या काही मित्रांनी टेरेसवर काच किंवा पारदर्शक पॉलिकार्बोनेट टाकून झकास खोली करून घेतली. डिसेंबरात तिथे चहा पिताना स्वर्ग दोन बोटं उरतो. एप्रिलमध्ये त्याच खोलीची भट्टी होते. मग एसी, मग बिल, आणि शेवटी काच काढून पफ पॅनलचं छत.

पफ पॅनल म्हणजे दोन पातळ पत्रे आणि मधे फोम. काचेच्या मानाने फोममधून उष्णता साधारण चाळीसपट हळू जाते. शिवाय पत्र्यामुळे थेट ऊन येणं बंद. हे तंत्रज्ञान नवं आहे, विचार नाही. वाड्यात कौलांखाली माळा असायचा. तापायचं ते कौल आणि माळा, खालचं माजघर गार. देशावरच्या धाब्याच्या घरांत तर छतावर मातीचा जाड थरच घालत. वर ऊन अडवायचं, मधे उष्णता रेंगाळत ठेवायची, एवढंच सूत्र.

करून घेणार असाल तर तीन गोष्टी बघा. पॅनल काचेपेक्षा हलकं असतं, म्हणून वळवाच्या वाऱ्यात उडू नये असं नीट जखडून घ्या. उजेड हवाच असेल तर उत्तरेच्या भिंतीत उभी काच ठेवा, तिथून थेट ऊन फारसं येत नाही. आणि उघडी टेरेस कायमची झाकायला महापालिकेची आणि सोसायटीची परवानगी लागते. ती आधी, पॅनल नंतर.

आमच्या धंद्यात दुसऱ्याचा कोड उचलताना तो कुठल्या गृहीतकांवर चालतो हे आधी बघतात. इथलं गृहीतक होतं महाबळेश्वरचा बंगला. तो आपल्याकडे नाही, तेव्हा छत जाड हवं.