घोंगडी

मेंढीच्या लोकरीच्या हातसुतापासून मागावर विणलेले जाड पांघरूण. महाराष्ट्रात ती प्रामुख्याने दख्खनी मेंढीच्या राठ, बहुधा काळ्या लोकरीची असते. मेंढ्या पाळण्याचे व कातरण्याचे काम धनगरांकडे, तर विणकाम परंपरेने मुख्यतः सणगर समाजाकडे असे. सूत बहुधा स्त्रिया कातीत. ताण्यास चिंचोक्याची खळ देत. त्यामुळे विणताना धागा तुटत नसे.

लोकरीच्या तंतूंमध्ये हवा कोंडून राहते व अंगाची ऊब टिकते. लोकर स्वतःच्या वजनाच्या सु. ३० टक्के बाष्प शोषूनही ओली लागत नाही आणि सहजी पेट घेत नाही. म्हणूनच पावसात व शेकोटीजवळ मेंढपाळास एकच घोंगडी पुरत असे. मेरिनो लोकरीइतकी मऊ नसल्याने ही लोकर अंगालगतच्या स्वेटरांस मात्र सोयीची नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम धाग्यांची स्वस्त ब्लँकेटे आली व घोंगडीची मागणी घटली. लोकरीपेक्षा मांसास अधिक भाव मिळू लागल्याने अनेक मेंढपाळ सांगली जिल्ह्यातील, कमी लोकर देणाऱ्या माडग्याळ मेंढीकडे वळले. परिणामी घोंगडीचा माग आणि त्यास लोकर पुरविणारी दख्खनी मेंढी, दोन्ही एकाच वेळी मागे पडत आहेत.