विस्मृतीतून परतलेले चेहरे

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले. छायाचित्रकार रघु राय यांनी त्यांची दैन्यावस्था टिपली. पुढे त्या निगेटिव्हज विस्मृतीत गेल्या. सुमारे ४० वर्षांनी त्या त्यांच्याच संग्रहात सापडल्या आणि २०१३ साली त्यांचे पुस्तक निघाले. अशाच निर्वासितांची मदर तेरेसांच्या भगिनींनी कलकत्त्याच्या सॉल्ट लेक छावणीत शुश्रूषा केली होती. निर्वासितांचा आकडा इतिहासग्रंथांत होताच. एकेका मातेचा, एकेका बालकाचा चेहरा मात्र फिल्मने जपला. उत्तम मेंढपाळ मेंढरे केवळ मोजत नाही, तर प्रत्येकाला ओळखतो, अशी आपली श्रद्धा आहे. म्हणूनच आम्हांला वाटते, घरातील व धर्मग्रामातील जुन्या निगेटिव्हज टाकून देण्यापूर्वी आपण त्या एकदा उजेडासमोर धराव्यात.